पुढच्या गळातला गुंता

५ जानेवारी

आमचा खोटा मासा स्वतःच्याच दोऱ्यात का अडकतो?

मला माहीत नाही. इथे कुणी वाचणार नाही, म्हणून सरळ लिहिते. भौतिकशास्त्राची पदवी घेतली, घरातली पहिली पदवी म्हणून ती भिंतीवर काचेत लागली, आणि आज वीतभरही नसलेल्या लाकडाच्या तुकड्याने माझी दांडी उडवली.

झालं असं की दुकानदाराने आमचा एक मासा परत पाठवला. त्याच्याभोवती दोऱ्याचा एवढा गोळा की लाकूड दिसतच नव्हतं. सोबत निरोप, "गिऱ्हाईक विचारतंय, हा मासा आहे की घरटं?" आई हसली, बाबा हसले, ताईसुद्धा हसली. मला धक्का बसला तो गोळ्याचा नाही, त्यांच्या हसण्याचा. "पाण्यावरचा मासा गुंतायचाच गं," बाबा म्हणाले. जणू सूर्य उगवायचाच, तसं.

बाबा दिवसा फर्निचरच्या कारखान्यात सुतारकाम करतात आणि घरी आले की मागच्या खोलीत हे मासे कोरतात. आई रंग देते. डोळे फक्त तिनेच काढायचे, कारण बाबांनी काढलेला डोळा झोपाळू दिसतो. ताई पोटाखाली दोन गळ बसवते, एक पुढे, एक शेपटीकडे, प्रत्येकाला तीन टोकं. हा मासा बुडत नाही. तो लांब फेकायचा आणि काठीला बारीक हिसके द्यायचे. तो पाण्यावर डावीकडे-उजवीकडे डोलत येतो आणि खालचा खरा मासा त्याच्यावर झेप घेतो. निदान घ्यावी अशी अपेक्षा असते. पण दोऱ्याचा फास पुढच्या गळात अडकला की मासा उलटा, शेपटीकडून ओढला जातो. मग झेप घेणारा हसत असेल.

मोजल्याशिवाय "असंच असतं" म्हणायचं नाही, एवढं तरी मी शिकले आहे. बघतेच.

८ जानेवारी

तळ्यावर गेले. ताई तिथल्या धक्क्यावर होड्या भाड्याने देते. गिऱ्हाईक नसलं की आमचे मासे फेकून बघते. मीही एक फेकला. तो मागच्या झाडावर जाऊन बसला.

"मॅडम," ताई म्हणाली, "मासे पाण्यात राहतात."

पण बघून बघून एक गोष्ट समजली. मासा हवेतून जाताना गरगरतो. तो पाण्याला टेकतो तेव्हा मागून येणारा दोरा सैलच असतो, आणि तो सैल दोरा माशाच्या नाकापुढे वेटोळं घालून पडतो. पहिल्या हिसक्याला ते वेटोळं पुढच्या गळात. विणलेला दोरा सुतासारखा मऊ, तो कुठेही वळतो. म्हणजे नाकापुढचा दोरा वळूच दिला नाही तर?

१४ जानेवारी

सुचलं! लिहिता लिहिता पेन संपलं आणि सुचलं. रिकाम्या रिफिलचा बोटभर तुकडा कापायचा, त्यातून दोरा ओवायचा आणि नळी माशाच्या नाकाशी पक्की करायची. नाकापुढे ताठ नळी असली तर दोरा मागे वळून गळापर्यंत पोचणारच नाही.

जेवताना सांगितलं. आई म्हणाली, "बघा, पेनातून निघालं! शिकलेल्या माणसाचं डोकं." बाबा काहीतरी बोलणार होते. "पण नळीवरूनच जर..." एवढं म्हणाले आणि आईने त्यांच्याकडे पाहिलं. "ती म्हणतेय ना, मग असेलच तसं." बाबांनी मान डोलावली आणि वाटी पुढे केली.

१६ जानेवारी

माझा विश्वास बसत नाही.

दोन मासे नेले होते, एकाच लाकडाचे, एकाच वजनाचे. एक साधा, एक रिफिलवाला. ताई आळीपाळीने फेकत होती. तुलना नीट व्हायची तर फेकणारा हात एकच हवा, हे मीच तिला समजावलं. साधा मासा पुन्हा पुन्हा गुंतला. रिफिलवाला एकदाही नाही! दुपारभरात एकदाही नाही!

रिफिलवाल्याची अगदी पहिली फेक माझी बघायची राहिली, कारण मी खाली बसून दुसरी नळी कापत होते. वर पाहिलं तर ताई माझ्याकडे पाठ करून मासा हातात घेऊन उभी होती. बराच वेळ. मी घाबरून विचारलं, "गुंतला का?"

"नाही गं. गवत आलंय."

माझा जीव भांड्यात पडला. मी तिच्याकडे बघत होते, ती माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "आता बघ हं," आणि फेकला. काय सुरेख फेकते! मासा पाण्याला टेकायच्या आत ती काठीवरच्या दोऱ्याच्या रिळाला हळूच बोट लावते, भांडं तापलंय का बघावं तसं. मासा सरळ होऊन अलगद उतरतो.

घरी येताना मी रस्ताभर बडबडत होते. ताई बोट चोखत चालत होती.

२० जानेवारी

दुकानदार स्वतः आला! शहाणा माणूस, डोळ्याने बघितल्याशिवाय ऐकत नाही. धक्क्यावर खुर्ची टाकून बसला. बाबा हौसेने काठी उचलायला गेले तर ताईने ती त्यांच्या हातातून जवळजवळ ओढलीच. "तुमचा खांदा दुखतोय ना?" बाबा खांद्याकडे असे बघत राहिले, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

ताईने फेकले. एकही गुंतला नाही. दुकानदार उठून उभा राहिला.

"कारागीर, ही पोरगी तुमची?"

"दोघी माझ्याच," बाबा म्हणाले. "एक डोकं, एक हात."

त्याने मोठी मागणी नोंदवली, सगळ्या मोसमाची. डब्यावर काय छापायचं, असं विचारलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नेमकं तेवढंच सांगितलं, जेवढं चाचणीत दिसलं होतं: "गुंता होत नाही." मला फुगवून सांगायला आवडत नाही.

२७ जानेवारी

ताईच्या उजव्या हाताच्या तर्जनीला पट्टी. भाजी चिरताना कापलं म्हणे. सुरी धरलेल्याच हाताचं बोट कसं कापतं, असं मी विचारलं तर म्हणाली, "तुला सगळ्याचं शास्त्र कशाला लागतं?" आईही म्हणाली, राहू दे.

बाबांनी आज कारखान्याच्या मालकाला सांगून टाकलं, महिना संपला की येणार नाही. घरी येऊन त्यांनी हे सांगितलं. इतकी वर्षं एका बाकावर काम केलेला माणूस! मी विचारलं, "बाबा, घाई तर नाही ना होत?"

"अगं, तू मोजलंयस ना," ते म्हणाले.



४ फेब्रुवारी

पहिले डबे दुकानात लागले. मी मुद्दाम समोरच्या फुटपाथवर उभी राहून बघितलं. पहिलं गिऱ्हाईक पोस्टमनकाका! निवृत्त झाल्यापासून रोज तळ्यावर असतात. माझा निकाल यांनीच आणून दिला होता आणि पाकीट फोडेपर्यंत दारात थांबले होते. मला बघून त्यांनी डबा हवेत हलवला. "मॅडम, गुंतला तर परत आणीन हं!"

"खुशाल आणा," मी ओरडले.

११ फेब्रुवारी



सकाळी मी धक्क्यावर होते. पोस्टमनकाका काठावर होते, रिफिलवाला मासा फेकत होते. तो पाणगवतात अडकला. त्यांनी काठी मागे खेचली, मग दोन्ही हातांनी खेचली, आणि मासा गवतातून सुटून सरळ त्यांच्या तोंडावर आला. मी आवाज ऐकला, ओला फडका भिंतीवर मारावा तसा. काका ओरडले नाहीत. नुसते खाली बसले. गळ पापणीच्या वर, भुवईखाली रुतला होता आणि आईने रंगवलेला मासा त्यांच्या डोळ्यासमोर लोंबत होता.

ताई धावली. तिने दोरा कापला, मासा हाताने तोलून धरला, काकांना घेऊन रिक्षात तशीच बसली. मी उभीच होते. मला काही सुचलं नाही. मी पदवीधर, आणि मला काही सुचलं नाही.

१२ फेब्रुवारी

काकांचा डोळा वाचला. डॉक्टर म्हणाले, गळ नखभर खाली असता तर डोळा वाचला नसता. टाके घातलेत. काका मला बघून म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदाच गळाला काहीतरी मोठं लागलं." मला हसता येईना. काकू कोपऱ्यात उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत.

नर्सने काढलेला मासा एका डबीत ठेवला होता. मी तो मागून घेतला. वाटत होतं, काकांनीच जास्त जोर लावला, वय झालं. बसस्टॉपवर डबी उघडली.

दोरा माझ्या रिफिलला विळखे घालून बसला होता. नळीच्या टोकाला अडकून मागे वळला होता आणि पुढच्या गळात घट्ट रुतला होता. म्हणून मासा उलटा ओढला गेला, म्हणून गवतात अडकला, म्हणून काकांनी खेचला. साध्या माशाचा गुंता सैल तरी असतो. हा सुटणारा नव्हता. माझ्या नळीनेच तो आवळला होता.

बस आली आणि गेली. मी तिथेच बसून होते. अगदी असाच मासा त्या दुपारी एकदाही गुंतला नव्हता.

१३ फेब्रुवारी

ताई कामावर असताना बाबांना आणि आईला तळ्याच्या दुसऱ्या काठावर नेलं. म्हटलं, रिफिलवाला मासा फेका, जमेल तसा. बाबांनी फेकला. गुंतला. पुन्हा फेकला. गुंतला. आईने आयुष्यात काठी धरलेली नाही. तिचा जेमतेम पायाजवळ पडला आणि तरी गुंतला. मी फेकला. तोही गुंतला.

आई म्हणाली, "आज वारं आहे बहुतेक." पानसुद्धा हलत नव्हतं.

मग आम्ही धक्क्यावर गेलो. ताई होडी बांधत होती. मी तिच्या हातात काठी दिली. तिने फेकला, नाही गुंतला. पुन्हा, नाही गुंतला. आणि मी पहिल्यांदा माशाकडे न बघता तिच्या हाताकडे बघितलं. पट्टी ओली झाली होती. मासा टेकायच्या आत बोट रिळावर जात होतं, सुटणारा दोरा त्याच्यावर घासत होता, थांबत होता, ताणला जात होता. सैल दोराच उरत नव्हता, मग वेटोळं कुठून येणार! नळीचा काही संबंधच नव्हता.

"ताई," मी म्हटलं, "ते बोट मुठीत ठेव आणि फेक."

ती हलली नाही.

"फेक ना."

तिने काठी खाली ठेवली.

१४ फेब्रुवारी

काही लिहवत नाही.

१५ फेब्रुवारी

बोललो आम्ही. धक्क्यावर, होडीत बसून, म्हणजे घरचे मधे पडायला नकोत.

ताईने सगळं सांगितलं. त्या दिवशी पहिलीच फेक गुंतली होती. गवत नव्हतं. ती पाठ करून गुंता सोडवत होती. "वळून बघितलं तर तू खाली बसलेली, हातात कात्री, आणि तुझा चेहरा... परीक्षेचा निकाल लागायच्या आधी असायचा ना, तसा. मला सांगवेना. म्हटलं, एक फेक तरी चांगली दाखवू. मग दुसरी. मग थांबू कुठे?"

"आणि साधा मासा?"

"साध्याला बोट लावत नव्हते."

माझ्या चाचणीत जो फरक दिसला तो सगळा तिने बोटाने तयार केला होता. माझ्यासाठी. त्यात दोरा बोटात रुतून रक्त आलं, तर तिने भाजीवर ढकललं.

"तू मला सांगायचंस, ताई! चुकलीस म्हणायचंस! एवढं काय त्यात?"

"एवढं काय?" ती एकदम उसळली. "मी शाळा सोडून इथे होड्या ढकलल्या, त्या तू चुकावीस म्हणून?"

यावर मी खूप वाईट बोलले. म्हणाले, तुझ्या या बोटाने काकांचा डोळा जाणार होता. तिचा चेहरा पांढरा पडला. खरं सांगते, तोपर्यंत तिने ही दोन टोकं जोडलीच नव्हती. तिला वाटलं होतं लोक नेहमीसारखे कुरकुरतील, गुंता सोडवतील आणि पुन्हा फेकतील. ती पाण्याकडे बघत म्हणाली, "रिक्षात तो मासा मी हातात धरला होता गं. सगळ्या रस्ताभर. आणि मला कळलं नाही."

एक गिऱ्हाईक येऊन होडी मागत होतं, ते कंटाळून गेलं.

मी काकांना "खुशाल आणा" म्हणाले होते.

१८ फेब्रुवारी

दुकानदार आला होता. त्याला सगळं कळलंय. मला वाटलं, ओरडेल. त्याने चहा घेतला आणि म्हणाला, "काका म्हातारे, हात थरथरतो. मासा काय करणार? आपण असं करू, तुमच्या मोठीला कॅमेऱ्यासमोर उभी करू. ती फेकेल, मासा गुंतणार नाही. जे होईल तेच दाखवायचं. यात खोटं काय आहे, मॅडम, तुम्हीच सांगा."

आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. आई, बाबा, ताईसुद्धा. ताई, जिचं बोट अजून सुजलेलं आहे!

मला उत्तर द्यायचं होतं, पण मधेच दुसरी गोष्ट लक्षात आली. मी "चालेल" म्हटलं असतं, तर या घरातलं कुणीही "नाही" म्हणालं नसतं. बाबांनी मान डोलावली असती. आईने म्हटलं असतं, ती म्हणतेय ना. ताई बोटाला नवी पट्टी लावून कॅमेऱ्यासमोर उभी राहिली असती. मला वाटत होतं भिंतीवर माझी पदवी टांगलीय. ती यांच्या तोंडावर टांगलेली आहे.

मी म्हटलं, विचार करून सांगते. दुकानदार म्हणाला, करा करा, शिकलेल्या माणसाने विचार करावाच.

तो गेल्यावर बाबांना विचारलं, "रिफिल सांगितली त्या दिवशी तुम्ही काय बोलणार होता?"

बाबांनी लाकडाची ढलपी बोटांत फिरवली. "हेच, की नळीवरूनच दोरा अडकला तर."

"मग का नाही बोललात?"

"मला वाटलं, तुला माहीत असेल."

२२ फेब्रुवारी

गेल्या दोन दिवसांत नवा मासा केला. शेपटीत शिशाचा लहानसा मणी बसवला, म्हणजे तो शेपटी पुढे करून तिरासारखा जाईल, गरगरणार नाही. नाकाशी विणलेल्या दोऱ्याऐवजी हातभर जाड तंगूस. नायलॉनचाच दोरा तो, पण ताठ, सहजी वळत नाही. रिफिल काढली. शिवाय घरात नियम केला: चाचणी ताईने करायची नाही. ती कुठलाही मासा चालवून दाखवेल. फेकायचं मी, मग आईने. आमच्याइतकं वाईट कुणी फेकत नाही, आणि ज्याच्या डोळ्याला गळ लागायची भीती, तो आमच्यासारखाच फेकत असणार.

आणखी एक नियम. चुकलं की मोठ्याने सांगायचं.

आज सगळे तळ्यावर गेलो. काकाही आले, डोळ्यावर पट्टी, काकूंचा हात धरून. काकूंनी त्यांना चांगलं लांब बसवलं. मी फेकला. मासा पाण्यावर टेकला, मी दोन हिसके दिले. मला तरी तो सरळ येतोय असं वाटलं. मी मागे वळून पाहिलं. आई पदराशी खेळत होती. बाबा आकाशाकडे बघत होते. ताईचे ओठ घट्ट मिटलेले. मी थांबले. म्हटलं, आज ही नाही बोलली तर मी वदवून घेणार नाही.

"गुंतला," ताई म्हणाली. आवाज चिरकला होता. मग जोरात, सगळ्या तळ्याला ऐकू जाईल असं, "गुंतला गं! तुझी काठी वर आहे. टोक पाण्याकडे धर!"

"बघा," काका लांबून म्हणाले, "एका डोळ्याने मलाही दिसलं होतं."

काठी खाली धरल्यावर कमी गुंतला. कमी, नाहीच असं नाही. आईचा तर एकदा स्वतःच्या चपलेत अडकला आणि बाबा इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. मला वाटलं नव्हतं, इतक्या लवकर कुणी हसेल.

दुसऱ्या काठावरून धक्क्याकडे परतताना घरचे सगळे होडीत बसलो तेव्हा ताईने हळूच विचारलं, "त्या दुकानदाराला काय सांगायचं? बाबांचं काय होईल ते बघून ठरव. उद्या सगळे मिळून बोलू हवं तर."

"बोलायचं राहिलं नाही," मी म्हटलं. "सकाळी जाऊन आले. मागणी परत केली. ज्या गिऱ्हाइकांनी मासे नेले त्यांना निरोप द्यायला लावलाय, दुकानातले उरलेले डबे घेऊन आले."

ताईने वल्हं मारलं. मला वाटलं, आता बाबा म्हणतील, तू म्हणतेस ना, मग बरोबरच असेल. आणि मला ते नको होतं.

"मला विचारायला हवं होतंस," बाबा म्हणाले. मोठ्याने, नियमाप्रमाणे.

"हो," मी म्हटलं.

"माझा रंधा अजून कारखान्यातच आहे." मग म्हणाले, "उद्या आणायला जातो. मालकाने कामाला थांब म्हटलं तर संध्याकाळपर्यंत थांबेन."

ताईने होडीच्या फळीखालची पिशवी पायाने चाचपली. तिच्यात परत आणलेले डबे होते, सगळे, आणि प्रत्येक माशाच्या नाकावरची रिफिल मी सकाळीच कापून टाकली होती.